भिंतीला देवाचा पहारा

भिंतीवर देव काढून द्या, असं सांगायला माणसं येतात तेव्हा ती भक्तीनं आली आहेत की नाही, हे मला पहिल्या वाक्यातच कळतं. भक्तीनं आलेला माणूस आधी कोणता देव ते सांगतो. आमची सप्तशृंगी काढा, अठरा हात नीट मोजून काढा, शालू हिरवा ठेवा, असं त्याचं सांगणं असतं. दुसरा म्हणतो, "कोणताही काढा पेंटर, दोन-चार काढा. सगळ्या धर्मांचे घ्या, म्हणजे कोणी सुटायला नको." या माणसाला पहारेकरी हवा असतो. लोक त्याच्या भिंतीवर थुंकतात, लघवी करतात, नावं लिहितात. हे सगळं देवानं थांबवावं अशी त्याची मागणी असते.

जुन्या नाशकात पाट्या रंगवण्यात माझं आयुष्य गेलं. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, शाळेच्या भिंतींवरचे सुविचार, निवडणुकीच्या भिंती, सगळं केलं. फ्लेक्स आला आणि पाट्या गेल्या, भिंती मात्र राहिल्या. गेली काही वर्षं या राखणीच्या देवांची कामं सारखी येतात. जिन्याच्या कोपऱ्यात लावायच्या देवांच्या फरशा बाजारात तयार मिळतात, पण मोठ्या भिंतीला चित्रच लागतं. ही कामं मी नाकारत आलो. पोटाचं काम नाकारायचं म्हणजे कारण पक्कं हवं. ते कारण मला आमच्याच गल्लीतल्या एका भिंतीपाशी नीट सापडलं, म्हणून तिच्याविषयी लिहितो.

भिंत म्हणजे एका पडक्या वाड्याची मागची बाजू. खाली दगड, वर विटा. वाड्याला वाटेकरी अनेक, वाद कोर्टात, त्यामुळे भिंतीला धनी नाही. माझ्या लहानपणी तिच्यावर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण होता. तो वर पुसटसा अजून दिसतो. त्याखाली एका पक्षानं आपलं नाव लिहून भिंत अमुक तारखेपर्यंत राखीव करून ठेवलेली, ती तारीख कधीच उलटून गेलेली. मग बोअरवेलवाल्याचा नंबर, मूळव्याधीचा इलाज, क्लासचे स्टिकर. त्याखाली, हात पोचतो तिथवर, पोरांची नावं. कुणाचं नाव बदामात, कुणाच्या नावापुढं किंग, कुणाच्या नावापुढं दहावीची तुकडी. कमरेच्या खाली पिंका. आणि तळाशी, जिथं दगड संपून रस्ता लागतो, तिथं लघवीनं खार धरलेला, गिलावा पापुद्र्यांनी सुटलेला. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे. भिंतीकडं पाहून ती कळत नव्हती.

गल्लीच्या मंडळानं वर्गणी जमवली आणि एका ओट्यावर बैठक बसली. ठरलं असं की भिंत साफ करायची, वर ओळीनं देव काढायचे, आणि नावं लिहिणाऱ्या पोरांवर पोलिसांत तक्रार द्यायची. कायदा आहेच. १९९५ चा, मालमत्तेचं विद्रूपण रोखण्याचा. देव मी काढायचे. मी नाही म्हटलं, आणि बैठक रात्री उशिरापर्यंत लांबली.

माझ्याशी वाद घालणारे काका नोट प्रेसमधून निवृत्त झालेले. रोज गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, जाणारे, वाचन दांडगं. त्यांचा मुद्दा मी त्यांच्याच शब्दांत सांगतो, कारण तो कच्चा नाही. "प्राणप्रतिष्ठा केलेली मूर्ती वेगळी आणि भिंतीवरचं चित्र वेगळं. अगरबत्तीच्या पुड्यावर देव असतो, लग्नपत्रिकेवर गणपती असतो. त्या पत्रिका पुढं कुठं जातात? चित्रात देव आवाहन केलेला नसतो, मग अपमान कुणाचा? आणि देवाच्या नावानं जागा स्वच्छ राहिली, तर ते देवाचंच काम झालं की."

मी म्हटलं, काका, चित्रात देव नसेल तर थुंकणारा थांबतो कशासाठी?

तो थांबतो त्याच्या मनात देव आहे म्हणून. तोंडात तोबरा भरलेला हमाल मारुती दिसला की मान वळवून पुढं जातो, कारण शनिवारी तो मारुतीला तेल वाहतो. ज्याच्या मनात देव नाही तो चित्रावरही थुंकतो. देवाच्या चेहऱ्यावरून ओघळलेली पिंक मी ओल्या फडक्यानं पुसली आहे. रंगवलेल्या डोळ्याखालून तो लाल ओघळ उतरलेला असतो आणि आजूबाजूनं माणसं जात-येत असतात. म्हणजे या उपायाचा सगळा भार श्रद्धाळू माणसावर पडतो. त्याच्या आजीनं त्याला लहानपणी हात जोडायला शिकवलं, त्या शिकवणीचा आपण कुंपणासाठी वापर करतो. निगरगट्ट माणूस मोकळाच राहतो. भक्ती ही माणसानं आपणहून देवाला दिलेली गोष्ट आहे. त्याच्या भीतीचा कोपरा शोधून तिथं देव उभा करायचा आणि आपली भिंत राखून घ्यायची, हा मला त्या माणसावरही अन्याय वाटतो आणि देवावरही.

दुसरंही एक सांगितलं. आमच्या भागात सगळ्या धर्मांची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. आज भिंतीवर पिंक पडली तर ती नुसती पिंक असते. बादलीभर पाणी मारलं की विषय संपतो. उद्या तीच देवाच्या चित्रावर पडली, मशिदीच्या चित्रावर पडली, की तिचा अपमान होतो, आणि कुणी केला हे शोधायला मग कोणी पुराव्यासाठी थांबत नाही. सगळ्या धर्मांचे देव एका ओळीत काढणं वर वर फार चांगलं दिसतं. त्या ओळीत प्रत्येकाला भांडणाचं कारण वाटून दिलेलं असतं.

या विषयावर आपल्या संतांच्या दोन कथा मला वाटाड्या वाटतात.

पहिली विसोबा खेचरांची. नामदेव गुरूच्या शोधात औंढ्या नागनाथाला जातात, तर तिथं विसोबा शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांना धक्का बसतो. विसोबा सांगतात, बाबा, मी म्हातारा झालो, जिथं देव नाही तिथं माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलतात, आणि ठेवू म्हणतात तिथं पिंड. ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि देव सगळीकडं आहे एवढं तिच्यातून घेतो. भिंतीची कामं करताना मला तिची दुसरी बाजू दिसली. आपल्या फरशा नेमकं उलटं शिकवतात. एक फूट बाय एक फूट एवढ्यात देव आहे, तिथं जपा, असं त्या सांगतात. त्याच्या बाहेर काय करायचं ते न सांगताही कळतं. सरकारी इमारतींच्या जिन्यांत पाहा. फरशी लखलखीत असते आणि तिच्यापासून हातभर अंतरावर कोपरा लाल झालेला असतो. थुंकणाऱ्यानं देव चुकवलेला असतो. भिंतीवर देव काढला की उरलेली भिंत देवाशिवायची ठरते, आणि ते ठरवणारा हात माझा असतो.

दुसरी कथा नाथांची. पैठणला एकनाथ महाराज गंगास्नान करून येत आणि वाटेत एक जण त्यांच्या अंगावर थुंके. नाथ परत जाऊन स्नान करत. तो पुन्हा थुंके. एकशे आठ वेळा हे झालं असं सांगतात, आणि शेवटी तो माणूसच पाया पडला. गंगा तीच. आमच्या रामकुंडावरून गेलेलं पाणी खाली पैठणला जातं. नाथांच्या शांतीविषयी पुष्कळ बोललं गेलं आहे. मला या कथेतलं पाणी महत्त्वाचं वाटतं. नाथांनी त्या माणसाला देवाचा धाक घातला नाही, शापाची भीती दाखवली नाही. घाण झाली, त्यांनी धुतली. परत झाली, परत धुतली. भिंतीच्या बाबतीत मी यातून एवढंच घेतो की धुणं हा कमीपणा नाही आणि धुऊन पुन्हा घाण झाली म्हणून धुणं वाया गेलं असंही नाही.

काका म्हणाले, नाथ एकच झाले. खरं आहे. पण गल्लीत पन्नास घरं आहेत, प्रत्येकाच्या वाट्याला बादली किती दिवसांनी येईल?

नाशिककर म्हणून आणखी एक गोष्ट मला विसरता येत नाही. नदीपलीकडं पंचवटीत काळाराम मंदिर आहे, सरदार ओढेकरांनी बांधलेलं, काळ्या दगडाचं. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथं सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्यात अग्रभागी होते. हजारो माणसं दारांपाशी बसली, दारं बंद राहिली. पाच वर्षं ती चळवळ चालली, आणि १९३५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. माणसाच्या स्पर्शानं भिंत विटाळते हे या शहरानं देवाचं नाव घेऊनच सांगितलेलं आहे. म्हणून भिंत आणि पावित्र्य हे दोन शब्द कोणी एकत्र उच्चारले की मी सावध होतो. आमच्या भिंतीपाशी लघवीला कोण थांबतं? बाजारातले हमाल, हातगाडीवाले, रिक्षावाले. दिवसभर रस्त्यावर असलेली माणसं. जवळपास मुतारी नाही. भाजी विकणाऱ्या बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत, त्यांना तर भिंतही नाही. ज्याला जायला जागा दिली नाही, त्याच्यासमोर देव उभा करून तू घाण आहेस असं सांगायचं, हे मला मंदिराच्या त्या बंद दारांच्या फार जवळचं वाटतं. ओट्यावर हे बोललो तेव्हा बराच वेळ कोणी काही म्हणालं नाही. मग मंडळाच्या सेक्रेटरीनं मुतारीचा अर्ज लिहायला घेतला.

राहिली पोरं. त्यांच्या नावांचं काय करायचं, हा प्रश्न मला थुंकण्यापेक्षा अवघड वाटतो. थुंकणाऱ्याला भिंतीशी काही घेणं नसतं. नाव लिहिणाऱ्याला असतं. तो तिच्याकडं काहीतरी मागत असतो.

तक्रार पुढं ढकलायला लावली आणि त्यातल्या काही पोरांना घेऊन एका रविवारी पांडवलेण्यांवर गेलो. शहरात वाढलेली पोरं, लेण्यांचा डोंगर रोज लांबून पाहतात. वर नुसती दंगा करायला गेलेली. चोवीस लेणी, त्यांतली जुनी दोन हजार वर्षांच्या आसपासची, आणि भिंतींवर ब्राह्मी अक्षरं. पायऱ्या चढून वर गेलो तर एका खांबावर, एका ओवरीच्या दाराशी, कुणाकुणाची नावं खिळ्यानं कोरलेली. बदाम तिथंही. बाहेर पुरातत्त्व खात्याची निळी पाटी आहेच. १९५८ च्या कायद्याखालचं संरक्षित स्मारक. त्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाल्यापासून अशा नुकसानीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे. एका पोरानं पाटी वाचली, वरची ब्राह्मी अक्षरं पाहिली, आणि मला विचारलं, "काका, यांनी लिहिलं तर शिलालेख आणि आम्ही लिहिलं तर गुन्हा. फरक काय? ते आधी आले म्हणून?"

तत्त्वज्ञानाच्या वर्गातसुद्धा याहून चांगला प्रश्न निघणार नाही. काळानं फरक पडतो हे उत्तर मी देऊ शकलो असतो. ते उत्तर टिकत नाही. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात २८ एप्रिल १८१९ या तारखेसह जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं आपलं नाव कोरून ठेवलं आहे, एका बोधिसत्त्वाच्या चित्राच्या अंगावर. आज लेण्यांच्या इतिहासात ते नाव छापलं जातं, लोक ते शोधून पाहतात. दोनशे वर्षांनी त्या ओरखड्याचं महत्त्व वाढलं, पण त्यानं तो बरा झाला नाही. खाली जे चित्र होतं ते गेलंच. जुनं झालं की चांगलं झालं, असं मानलं तर आमच्या भिंतीवरच्या पिंकाही नुसत्या थांबायच्या.

मग मी पोरांना पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात नेलं. तिथं उषवदाताचे लेख आहेत. हा क्षत्रप नहपानाचा जावई. त्यानं आपलं नाव लिहिलं, बापाचं लिहिलं, सासऱ्याचं लिहिलं, आणि केलेली दानं मोजून मोजून लिहिली. तीन लाख गाई, सोळा गावं, नद्यांवर फुकट नावा. हे लेणं खोदवून भिक्षूंना दिलं, आणि त्यांच्या वस्त्रांचा खर्च चालावा म्हणून गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडं तीन हजार कार्षापण ठेवले. दोन हजार महिना शेकडा एक दरानं, एक हजार पाऊण दरानं. मुद्दल परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचं, असंही दगडात लिहून ठेवलं. त्याची बायको दक्षमित्रा, तिनं एक ओवरी दिली, तिचंही नाव आहे. पोरं हसली. म्हणाली, हा तर फुल जाहिरात करतोय. करतोच आहे. नावाची हौस त्याला होतीच, आणि ती मला वाईट वाटत नाही.

पण पुढचं ऐका, म्हटलं. या नहपानाच्या घराण्याचा गौतमीपुत्र सातकर्णीनं निःपात केला. तिसऱ्या लेण्यात त्याच्या आईनं, गौतमी बलश्रीनं, नातू पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी जो लेख कोरवला, त्यात तिनं हे अभिमानानं सांगितलं आहे. १९०६ मध्ये आपल्या जिल्ह्यात जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. शत्रूच्या चेहऱ्यावर आपलं नाव. एवढ्या रागानं नाणी ठोकणाऱ्या राजाच्या ताब्यात हा डोंगरही आला. उषवदाताकडं असलेलं एक शेत त्यानं भिक्षूंना देऊन टाकलं, तसा लेखही आहे. आणि दहाव्या लेण्यातली नहपानाच्या जावयाची अक्षरं? ती आपण आज उभे राहून वाचतो आहोत. छिन्नी मारायला एक पाथरवट आणि एक सकाळ पुरली असती. कोणी मारली नाही.

का मारली नाही, हे त्या राजानं लिहून ठेवलेलं नाही. मला जे वाटतं ते मी पोरांना सांगितलं. नाणं राजाचं असतं, त्यावरचं नाव सत्तेचं. लेणं दिल्यावर ते उषवदाताचं राहिलंच नाही, ते भिक्षुसंघाचं झालं. नाव देणाऱ्याचं, भिंत घेणाऱ्याची. ते नाव खोडायचं म्हणजे दान खोडायचं.

आणि दान राजांचंच आहे असंही नाही. अठराव्या लेण्याच्या दारावर धंभिक गावच्या लोकांचं दान कोरलेलं आहे, आख्ख्या गावाचं. आठव्या लेण्यात मुगूदास नावाच्या एका माणसाचं नाव आहे, सहकुटुंब. अभ्यासक त्याला कोळी मानतात, मासे धरणारा. जाळं टाकून पोट भरणाऱ्या माणसाचं नाव राजमाता बलश्रीच्या नावाजवळ दोन हजार वर्षं टिकून आहे. नाव लिहावंसं वाटणं हे पाप असतं तर मुगूदासानं ते केलं नसतं, आणि माझ्या धंद्यात तर प्रत्येक पाटीच्या उजव्या कोपऱ्यात मी बारीक अक्षरांत माझं नाव लिहितो. माणूस आला होता, हे कुठंतरी नोंदवलं जावं, ही इच्छा मला प्रार्थनेच्या फार जवळची वाटते. त्या खांबावर खिळ्यानं नाव कोरणाऱ्याचं चुकतं ते इथं, की त्यानं दुसऱ्याच्या दानावर आपलं नाव लिहिलं. मुगूदासानं आधी दिलं, मग लिहिलं.

तो प्रश्न विचारणारा पोरगा म्हणाला, "आमच्याकडं द्यायला काय आहे?" मी त्याच्या हातांकडं बोट दाखवलं.

पुढं जे झालं ते काही चमत्कार नव्हे. आलेल्यांपैकी निम्मी पोरं पुढच्या आठवड्यात भिंतीवर आली, निम्मी आली नाहीत. जी आली त्यांनी तारेच्या ब्रशनं भिंत घासली, पत्र्यानं जुने पापुद्रे खरवडले. तळाचा खारावलेला गिलावा दगडापर्यंत काढून टाकावा लागला, नाहीतर वर कितीही रंग द्या, तो सोडणारच. काथाच्या डागांवर नुसता डिस्टेंपर चालत नाही. दोन दिवसांत लाल खालून वर येतो. आधी ऑइल प्रायमर मारून तो डाग बंद करावा लागतो. हे सगळं ती शिकली. गल्लीतल्या बायकांनी पाणी पुरवलं. एका घरातून दिव्याला लाइन दिली, कारण अंधार हे भिंतीच्या घाणीचं अर्धं कारण असतं. वर मी गोदाकाठ काढला, होड्या, घाट, पायऱ्या, कपडे धुणाऱ्या बाया. नावांसाठी खालच्या कडेला एक पट्टा मोकळा सोडला. ज्यानं काम केलं त्यानं तिथं आपल्या हातानं नाव लिहायचं. ब्रश धरून अक्षर काढताना एका पोराचा हात इतका थरथरला की त्यानं ते तीनदा पुसलं. हाच मुलगा स्प्रेच्या डब्यानं दहा सेकंदांत किंग लिहून पळत असे.

न आलेल्यांपैकी कुणीतरी दिवाळीनंतर चित्रातल्या होडीवर बदाम काढला. नाव लिहिणाऱ्या पोरांनीच तो रंगानं झाकला. पिंका कमी झाल्या, बंद झाल्या नाहीत. शनिवारी दोन घरं मिळून भिंत धुतात. मुतारीसाठी जागा शोधणं चालू आहे, आणि ती होईपर्यंत तळाचा कोपरा खार धरत राहणार, हे मी मंडळाला स्पष्ट सांगितलं आहे.

एका गोष्टीनं मात्र माझं म्हणणं मला पुन्हा तपासावं लागलं. भिंतीच्या टोकाला, वळणावर, कुणीतरी फार पूर्वी लावलेली दत्ताची एक फरशी होती. राखणीलाच लावलेली. भिंत खरवडताना ती काढू म्हणून मी पत्रा हातात घेतला, तर समोरच्या घरातल्या आजी धावत बाहेर आल्या. "हात लावू नको रे. माझं रोजचं आहे ते." नीट पाहिलं तर फरशीच्या कडेला हळदकुंकवाचा थर, खाली उदबत्तीची राख. त्या रोज सकाळी तिथं फूल ठेवतात, गुरुवारी खडीसाखर. फरशी कशासाठी लावली होती हे त्यांना माहीत आहे. त्यांनी मला सांगितलं, "लावणाऱ्याचं त्याच्यापाशी. मला दत्त दिसला, मी हात जोडले."

काकांना हे फार आवडलं. म्हणाले, बघा, शेवटी देव देवच झाला. मी ते मान्य केलं. प्राणप्रतिष्ठेचा मंत्र तिथं कोणी म्हटला नव्हता, आजींनी काही वर्षं रोज फूल वाहिलं. पण मी त्यांना हेही म्हटलं की तो पहारेकरी असेपर्यंत त्याच्या अंगावर पिंका होत्या, आणि आजींनी धुवायला घेतला तेव्हापासून तो दत्त आहे. यावर आमचं अजून एकमत नाही. गंगेवरून येताना ते माझ्या दुकानापाशी थांबतात आणि वाद पुढं चालू होतो. ते म्हणतात, फरशी नसती तर आजींनी फूल कुठं वाहिलं असतं? या प्रश्नाला माझ्याकडं पुरं उत्तर नाही. फरशी राहिली. तिच्याभोवती मी गोदाकाठाचं चित्र थांबवलं आणि एक कोनाडा रंगवून दिला.

२०२७ च्या सिंहस्थाची तयारी चालली आहे. शहरभर भिंती रंगतील, आणि देव मागणारी माणसं रोज येतील. मी आता सरसकट नाही म्हणत नाही. आधी विचारतो, या देवापुढं दिवा कोण लावणार, रंग उडाला तर कोण सांगायला येणार, आणि भिंतीपाशी थांबणाऱ्या माणसाला जायला दुसरी जागा कुठं आहे. सध्या माझ्याकडं एका शाळेच्या मागच्या भिंतीचं काम आलं आहे. त्यांना चार देव हवे आहेत. तिन्ही प्रश्न विचारून आलो आहे, ते बैठक घेऊन कळवणार आहेत. त्यांचं काहीही ठरलं तरी भिंत आधी घासावीच लागणार, म्हणून सोमवारी तारेचे ब्रश घेऊन जातो आहे. आमच्या गल्लीतली दोन पोरं येतो म्हणाली आहेत.